मी भाकर सोडली आणि माहेर धावून आलं

मी भाकर-पोळी सोडली आणि महिनाभरात माझा संसार मोडायला आला.

पाळी मनाला येईल तेव्हा यायची, म्हणून दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं. "थोडं वजन कमी करा," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कीटो हा शब्द त्यांनी काढलाही नव्हता, तो मला मोबाईलनं शिकवला! भाकर बंद, भात बंद, साखर बंद. तूप, अंडी, पनीर चालू.

सासूबाईंना सांगितलं, "आई, मी भाकर नाही खाणार. कीटो आहे."

"किडे? कोणत्या पिठात?"

झालं! घरातलं सगळं पीठ अंगणात आलं. दुपारभर चाळूनही एकही किडा सापडेना. मग त्या जास्तच दुखावल्या. (किडा सापडला असता तर बरं झालं असतं.)

मोताळ्याच्या बाजारात त्यांनी मन मोकळं केलं. "सून माह्या हातचं खात नाही वं. भात म्हणून फुलकोबी किसून खाते!" बाजार उठेपर्यंत त्याचं 'सुनेनं अन्न सोडलं' झालं. माझ्या माहेरी, डोणगावला, पोचलं तेव्हा 'सुनेले जेवाले देत नाहीत' झालं होतं.

रविवारी सकाळी दारात जीप. बाबा, दोन काका आणि बाह्या सरसावलेला माझा भाऊ!

"काय केलं माह्या बहिणीले? किती वायली!"

(नवऱ्याला महिनाभरात माझं जे वाळणं दिसलं नाही ते याला फाटकातून दिसलं. क्षणभर मला फार बरं वाटलं.)

"भाऊ, मीच जेवण सोडलं."

"पाह्यलं बाबा? भेवून बोलून राह्यली!"

सासऱ्यांनी व्याह्यांपुढे हात जोडले. "इवाई, बसा तर खरं. पोरीलेच विचारू."

बैठक बसली. "सांग माय," बाबा म्हणाले, "काऊन नाही जेवत?"

"डॉक्टरांनी सांगितलं," मी पुटपुटले.

"जेवू नका असं कुठं म्हणाल्या त्या?" नवरा बोलला. (याला आजच खरं आठवलं!)

भाऊ ताडकन उठला. "बॅग भर तुही!"

माझा तोल गेला. "अरे, माझी पाळी वेळेवर येत नाही! त्याचं पथ्य आहे हे!"

सगळे पुरुष एकदम पंख्याकडे पाहू लागले. सासरे म्हशीले पाणी पाजतो म्हणून उठले. म्हैस आम्ही दिवाळीतच विकली होती.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हे मले पहिले सांगाले काय झालं होतं वं? मी आपली पीठ चाळून राह्यली!"

भावाची मात्र खात्री पटेना. "मंग आमच्यासमोर जेवून दाखव."

घाईघाईनं वरण आणि गव्हाची बट्टी झाली. सगळे माझ्या ताटाकडे टक लावून. पहिली बट्टी खाल्ली तेव्हा भाऊ खाली बसला. दुसरीला बाबा हसले. तिसरी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तुपात बुडवून वाढली, ती नाही कशी म्हणणार?

चौथी मात्र मी माझ्याच हातानं घेतली.