नानांचं भ्याव

नाना घाबरट होते, आणि ते सांगायची त्यांना जराही लाज वाटत नसे. "माले भ्याव वाटस," असं ते पहिल्याच भेटीत, धड ओळखही झालेली नसताना मला म्हणाले होते. मी तेव्हा भडगाव सोडून जळगावच्या एका लहानशा कंपनीत नवी नवी लागले होते. लांबलांबच्या कारखान्यांत यंत्रांवर सेन्सर बसवायचे, जळगावात बसून पडद्यावर त्यांचं तापमान, दाब, थरथर बघत राहायचं आणि बिघाड व्हायच्या आधीच तिकडे फोन करायचा, हे आमचं काम. नाना धुळ्याच्या एका सरकीच्या तेलगिरणीत मेंटेनन्स बघायचे. साठीला टेकलेले, अंगाने आडदांड, मिशा अशा की परक्या माणसाने दोन पावलं मागे सरावं. आणि हा गडी मला सांगतोय की भीती वाटते!

कशाची म्हणून विचारू नका. विजेची, कुत्र्याची, लिफ्टची, न्हाव्याच्या वस्तऱ्याची. सोनगीरला पुतणीच्या लग्नात पंगत सोडून ते आचाऱ्याच्या सिलिंडरची नळी हुंगत बसले होते आणि वऱ्हाडी हसून बेजार झाले होते, हे त्यांनीच मला रंगवून सांगितलं.

पण सगळ्यात मोठी भीती गिरणीतल्या दोन कुकरची. सरकी शिजवायच्या, वाफेवर चालणाऱ्या त्या दोन बंद टाक्या. तरुणपणी दुसऱ्या एका गिरणीत अशाच टाकीचं झाकण उडालेलं नानांनी पाहिलं होतं. तेव्हापासून झाकणाला पाना लावायच्या आधी ते बाजूचा छोटा नळ उघडून ठेवत, वाफ पुरती गेली की उलट्या हाताने टाकी चाचपत, मग उगाचच आणखी थोडा वेळ थांबत आणि सगळ्यांना लांब उभं करत. मालक वैतागायचे. एवढी घाई असेल तर तुम्ही खोला, असं नाना त्यांना तोंडावर सांगत.

अशा माणसाच्या कुकरवर आम्ही आमच्या डब्या बसवल्या. सेन्सरला तिथे डबीच म्हणायचे. साबणाच्या वडीएवढी, लोहचुंबकाने टाकीला चिकटणारी. सुरुवातीला नाना ऊठसूट फोन करत. "आक्का, बठ्ठं बरोबर शे ना?" मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण त्यांच्यासाठी आक्का. मी पडद्यावरच्या रेषा बघून हो, सगळं ठीक आहे म्हणायची. मग एकदा पंख्याचं बेअरिंग तापतंय म्हणून मी कळवलं, ते खरंच निघालं. पुढे एका मोटरचंही तसंच झालं. त्या दिवशी नाना फोनवर मोठ्याने हसले. "आक्का, आता भ्यायचं काम तुझं. मी लई भ्यायलो."

मला काय, कौतुक वाटलं. पण झालं भलतंच. नाना खरोखरच मोकळे झाले. फोनवर गप्पा हाणायला लागले, नातवाचे उद्योग सांगायला लागले. आणि इकडे भ्यायचं काम खरंच माझ्याकडे आलं. डबा खाताना घास हातात आणि डोळे त्या दोन रेषांवर. सुट्टी घेतली तरी घरून ऑफिसात फोन करून नानांचे कुकर कसे आहेत विचारायची. सगळे माझी टिंगल करत.

दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांना आंघोळ घालतात. नानांनी सकाळीच फोन केला की पडदा कोरा दिसला तर घाबरू नकोस, तुझ्या डब्यांनाही आंघोळ घालतोय. त्यांनी दोन्ही डब्या काढल्या, पुसल्या, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि पूजा झाल्यावर परत चिकटवल्या. धुण्यापुसण्यात नंबरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, कुकरही एकदम चालायचे, रेषाही सारख्याच. एकीची जागा दुसरीने घेतली, हे त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.

चारदोन दिवसांनी दुपारी दोन नंबरच्या झाकणातून वाफ गळायला लागली. नानांनी दोन्ही कुकर बंद केले आणि तासाभराने मला फोन लावला. मी पडदा बघून सांगितलं, दोन नंबर निवलाय, एक नंबर अजून तापलेला आहे. आणि का कोण जाणे, मी विचारलं, "नाना, नळ उघडून बघितलात? हात लावून बघितलात?"

"तू असतांना हात कशाले?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बसून राहिले. बघता बघता एक नंबरची रेषा वरून सरळ खाली पडली. हळूहळू उतरली नाही, पडली. एक नंबरला तर कोणी हातही लावलेला नव्हता. खोलला होता तो दोन नंबर. डब्यांची अदलाबदल झाली आहे हे मला त्या क्षणी कळलं, जळगावात, खुर्चीत बसून. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी गेटवरच्या वॉचमनने उचलला. मागून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता.

नाना दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत. बाकी कोणाला काही झालं नाही, कारण झाकण खोलताना सगळ्यांना लांब उभं करायची सवय तेवढी त्यांची राहिली होती.

मी दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेले. नानांची बायको भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं, तशी ती उठली.

"त्या आक्का तुम्हीच का?" तिने विचारलं. "लगीन झालं तेव्हापासून हा माणूस झोपेत दचकून उठायचा. तुम्ही आल्या, आन् शांत झोपाले लागला. तुमचे लई उपकार."

आणि माझ्या आईच्या वयाची ती बाई माझ्या पाया पडायला वाकली.