देवीला विचारून केलेले मृत्युपत्र

तुमच्या घरच्या म्हाताऱ्याने देवीला कौल लावून जमीन कुणाला द्यायची ते ठरवले, तर तुम्ही त्याला वेडा म्हणाल का? मी म्हणालो होतो.

माझे चुलते लोणावळ्याला रेल्वेत होते. त्या कमाईतून त्यांनी बेडशाला भाताचे एक खाचर घेतले. मुलगा आधीच गेलेला. शेवटची वर्षे विधवा सुनेनेच त्यांचे सगळे केले. खाचर आणि राहते घर त्यांनी तिच्या नावे लिहून दिले. कागद करण्याआधी मात्र गावदेवीच्या दोन्ही अंगांना फुले चिकटवून बसले. उजवीकडचे फूल पडले, म्हणजे देवीचा होकार, तेव्हा वडगावला कागद करायला गेले.

१९३० साली ते वारल्यावर माझ्या वडिलांनी दावा लावला. भाऊ भ्रमिष्ट होता, मृत्युपत्र रद्द करा. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने विधवा सुनेला काही नाही, सगळे भावाला. मी तेव्हा भोळ्या समजुतींवर तावातावाने पत्रके लिहीत असे. वकील म्हणाले, "दगडाला विचारून जमीन देणारा माणूस शुद्धीवर असतो का?" मला तो प्रश्न फार आवडला. साक्षीला मी आपण होऊन उभा राहिलो.

मग नुसत्या तारखा. कामशेतपर्यंत पायी, पुढे गाडी, कोर्टाच्या ओसरीत दिवसभर बसणे, आणि संध्याकाळी पुढची तारीख. वहिनी, म्हणजे चुलत्यांची सून, तीही त्याच गाडीने यायची, दुसऱ्या डब्यात. दुसऱ्या वर्षी मला कशाचाच ताव उरला नाही.

एकदा ओसरीत तिनेच हाक मारली. "भावजी, आबांनी कौल लावला म्हून ते येडं. मग दावा लावायच्या आदी नाना देवीम्होरं कशापायी बसलं हुतं?"

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? फुलं माझ्याच परड्यातली. इचारून नेली. म्हनलं न्या नाना, झेंडूच हाय."

घरी येऊन वडिलांना विचारले. "व्हय, लावला. उजवा दिला देवीनं," ते म्हणाले. "बिगर इचारता कोर्टाची पायरी चढू? येडा हाय का मी?"

साक्षीत मी दोन्ही कौल सांगून टाकले. कोर्ट हसले. वडील तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न्यायाधीश म्हणाले, कौलाने वेडही ठरत नाही, शहाणपणही नाही. कागद केला त्या महिन्यात म्हातारा व्यवहाराला कसा होता, ते पाहिलेला परका माणूस आणा. गावातले कुणी येत नाही. सगळ्यांच्या खाचरांना वडिलांच्या बांधावरून पाणी येते, वैर कोण घेणार? साक्षीदार मिळाला नाही, तर वहिनीला घर सोडावे लागेल.

ती सांगते, कागद केला त्याच आठवड्यात चुलते तिकोणा पेठेला बैल बघायला गेले होते. दिवसभर घासाघीस केली आणि मागचा खूर चिरलेला म्हणून बैल न घेताच परतले. तो बैल ज्याचा होता, त्याला कुणी ओळखत असाल तर हे त्याला वाचून दाखवा, आणि पुढच्या तारखेला वडगावच्या कोर्टात घेऊन या. त्याने खुराचे तेवढे सांगावे.