टिल्डाची थर्टी-थर्टी

माझी मुलगी टिल्डा डावखुरी आहे आणि अंगानं लहानखुरी. या दोन गोष्टींवरून आमच्या भागात तिला जितकं ऐकून घ्यावं लागलं, तितकं दुसऱ्या कुणाला लागलं नसेल. वासराला फास टाकताना दोर उलट्या बाजूनं फिरवते म्हणून हसले, खोगीर उचलताना टाचा वर करते म्हणून हसले. ती हसणाऱ्यांकडे बघायची, फास टाकायची, आणि वासरू पडलं की म्हणायची, "याला कुणी सांगितलं नाही वाटतं, मी उलटं टाकते ते."

गेल्या वसंतात तिनं वरच्या कुरणावर जायचं ठरवलं. आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या घरांची गुरं उन्हाळाभर डोंगरात असतात आणि त्यांच्यामागे गुरंवाल्यांच्या मंडळानं नेमलेला एकच राखण्या असतो. लाकडाची खोपी, दोन घोडे, गुरांना चाटायला मिठाच्या लाद्या आणि बाकी सगळं आभाळ. फोन लागत नाही. आजवर हे काम पुरुषांनीच केलं. मी विरोध केला, पण ती बाई आहे म्हणून नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर हॉइटचा खांदा होता.

हॉइट लुंडीन आमचा शेजारी. आदल्या वर्षीचा राखण्या तोच. मेलेल्या गाईवर बसलेलं ग्रिझली अस्वल झाडीतून त्याच्यावर धावून आलं. त्यानं बंदूक उडवली, पण अस्वल थांबलं नाही. जीव वाचला, पण खांदा फाटला; उजवा हात आता जेवणाच्या काट्यापेक्षा जड काही उचलत नाही. मंडळाचा अध्यक्ष क्लेम हॅगर्टी इस्पितळातून बाहेर येताना म्हणाला होता, "बंदूक मोठी होती म्हणून निदान जिवावरचं हातावर निभावलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ती बंदूक मंडळाची. क्लेमच्या वडिलांनी घेतलेली, फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी. तिचं काडतूस अंगठ्याएवढं जाड. दर वर्षी वासरांना तापल्या लोखंडानं मालकीचा डाग द्यायच्या दिवशी, सगळी घरं कुंपणापाशी जमलेली असताना, क्लेम ती नव्या राखण्याच्या हातात देतो. मग राखण्यानं खांबावर ठेवलेला कॉफीचा डबा उडवायचा. डबा पडो न पडो, टाळ्या होतात आणि लोक जेवायला बसतात. बंदूक नाकारणं म्हणजे क्लेमच्या बापाला नाकारणं.

टिल्डानं नाकारायचं ठरवलं होतं.

आम्ही दोघी गावातल्या बर्निसच्या दुकानात गेलो. तिथं घोड्यांचे नाल, पेंड, बंदुका आणि बर्निसचे टोमणे असं सगळं मिळतं.

"काय मारायचंय?" बर्निसनं विचारलं.

"पाय मोडलेली गाय. कोयोट कोल्हा. शरद ऋतूत घरासाठी एखादं हरीण," टिल्डा म्हणाली.

"आणि अस्वल," मी म्हणाले.

"आई, तू निवडतेयस की मी?"

बर्निसनं बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीला बाजूची मूठ मागेपुढे ओढायची, एक रायफल पुढे केली. टिल्डानं ती खांद्याला लावली आणि परत ठेवली. बोल्टची मूठ उजवीकडे, म्हणजे हिला प्रत्येक गोळीला हात ओलांडून जावं लागणार. शिवाय ती मूठ खोगिराखालच्या म्यानात घोड्याच्या बरगडीला टोचते. मग आल्या चापाखाली कडी असलेल्या रायफली. कडी पुढे ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर, मागे ओढली की नवी गोळी आत. डावा काय नि उजवा काय, कडीला फरक पडत नाही. अंग चपटं, मांडीखाली चापून बसते.

"ही फॉर्टी-फोर बघ," बर्निस म्हणाली. "आखूड, चपळ, धक्का कमी."

"जवळून ठीक. ओढ्यापलीकडचा कोयोट हिच्यापुढे बसून जेवेल."

"फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी तर मंडळ फुकट देतंय."

"ती मी मागच्या आठवड्यात उडवून पाहिली. धक्का असा की तिसऱ्या गोळीनंतर चौथी उडवावीशीच वाटेना. जी उडवावीशी वाटत नाही तिचा सराव कोण करणार?"

शेवटी तिनं कोपऱ्यातली एक वापरलेली थर्टी-थर्टी रायफल उचलली. दस्त्यावर आधीच्या मालकाच्या गालानं पडलेली झिलई होती. डोळे मिटून ती खांद्याला लावली, डोळे उघडले, आणि नळीच्या टोकावरचा पितळी मणी नेमका जिथे हवा तिथे आला. तिनं पुन्हा तसंच केलं. पुन्हा आला.

"हिच्या गोळ्या?"

"अगं, पेट्रोलपंपावरसुद्धा मिळतात," बर्निस म्हणाली. "फक्त टोकदार घेऊ नकोस. हिच्या नळीखालच्या नळकांड्यात गोळ्या एकीच्या बुडाला दुसरीचं टोक लागून बसतात. टोकदार असली तर आतल्या आतच उडायची."

"माहितेय. चपट्या नाकाच्याच."

मी म्हणाले, "बर्निस, तू तरी सांग तिला. ही अस्वलाला पुरेल का?"

"नीट लागली तर बरंच काही पुरतं. न लागली तर तोफही पुरत नाही," बर्निस म्हणाली आणि टिल्डाकडे वळली. "पण डागणीच्या दिवशी क्लेमला काय सांगणार आहेस?"

"मी काही सांगणार नाही. त्याचीच बंदूक सांगेल. मला तुझ्याकडच्या खोट्या गोळ्या दे थोड्या, दोन्ही बंदुकींच्या."

खोट्या गोळ्या म्हणजे आत दारू नसलेल्या. वजन तेच, रूप तेच. नवशिक्यांना शिकवायला बर्निस त्या बनवते.

डागणीच्या दिवशी धूर, जळक्या केसांचा वास, हंबरणारी वासरं, आणि लांब टेबलावर बीन्स, भाजलेलं मांस, रूबार्बची आंबटगोड पाई. हॉइट कुंपणावर बसून डाव्या हातानं कॉफी पीत होता. क्लेमनं बंदूक आणली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून टिल्डासमोर उभा राहिला.

"घे, पोरी. आता ही तुझी."

"आभारी आहे, क्लेम. पण मी माझी आणलीय."

वासरांचे पाय धरून बसलेलेसुद्धा वर बघू लागले.

"थर्टी-थर्टी?" क्लेम म्हणाला. "अगं, ती खारीला दाखवायची. राखण्याबरोबर मंडळाची बंदूक जाते. बंदूक नाही तर राखण्या नाही. हॉइटचा हात दिसतोय ना?"

"दिसतोय. म्हणूनच म्हणते. तुमच्यापैकी कुणी वर्षभरात ही मोठी बंदूक उडवलीय?"

माझा नवरा बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"मग असं करू," टिल्डा म्हणाली. "तुमच्या बंदुकीत गोळ्या मी भरते, तुम्ही उडवा. मग माझ्या बंदुकीत तुम्ही भरा, मी उडवते. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

"पोरीला तमाशा हवाय," क्लेम हसला. "चला, करू तमाशा. डबा जरा लांब ठेवा रे, नाहीतर फारच सोपं होईल."

कानांवर आवाज अडवणारे मफ चढले. पहिली गोळी सुटली, खांबाची ढलपी उडाली, डबा थरथरला. "वारा होता," क्लेम म्हणाला. त्यानं कडी ओढली, नेम धरला, चाप ओढला.

टक्. एवढाच आवाज.

आणि गोळी न सुटलेल्या त्या बंदुकीची नळी सपकन हातभर खाली गेली. क्लेमचे डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात, गाल बाजूला वळलेला, जणू कुणी थोबाडीत मारणार होतं. सगळ्या खोऱ्यानं ते पाहिलं. आधी एक पोर हसलं, मग बाया, मग सगळे.

"माझ्या बंदुकीत खोटी गोळी घातलीस?" क्लेम लाल झाला होता.

"घातली. खोटी गोळी खोटं बोलत नाही, क्लेम. धक्का यायच्या आधीच तुमचं अंग त्याला घाबरलं. माझंही घाबरलं होतं. या गावात ज्याचं घाबरत नसेल, त्यानं पुढे यावं. मी भरून देते."

"ही थट्टा करायची जागा नाही! बापाच्या बंदुकीची—"

"क्लेम."

हॉइट कुंपणावरून खाली उतरला होता. तो कमी बोलतो, म्हणून सगळे तिकडे वळले.

"माझी पण अशीच खाली गेली होती," तो म्हणाला. "अस्वल धावून आलं तेव्हा. तुम्ही सगळे म्हणता गोळी लागूनही ते आलं. गोळी त्याच्यापुढे मातीत गेली. माझे डोळे मिटलेले होते."

वर्षभर मी ज्या बंदुकीचे आभार मानत होते, ती त्याच्या काहीच कामी आली नव्हती.

क्लेमनं टिल्डाची रायफल आणि तिनं पुढे केलेल्या खऱ्या-खोट्या गोळ्या घेतल्या आणि सगळ्यांकडे पाठ करून ती भरली. बराच वेळ भरली. टिल्डा डाव्या खांद्याला लावून उभी राहिली. पहिली गोळी डब्यातून आरपार. कडी. टक्. पितळी मणी हलला नाही. कडी. टक्. नाही हलला. कडी. धाड! डबा खांबावरून उडून वासरांच्या वाड्यात पडला.

"आणि अस्वल आलं तर?" क्लेमनं विचारलं. आवाजात आता टोमणा नव्हता.

तिनं पट्ट्याला अडकवलेल्या मिरचीच्या फवाऱ्यावर थाप मारली. "तोंडावर आधी हा. तरी आलं, तर जी बंदूक मी डोळे उघडे ठेवून उडवते, ती."

क्लेमनं खिशातून खोपीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "मीठ वेळेवर टाकत जा," एवढंच म्हणाला आणि जेवायच्या टेबलाकडे गेला. मोठी बंदूक हॉइटनं चांगल्या हातानं उचलली. "ही माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला.

डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, तरी माझी भीती गेली नव्हती. ती निघाली त्या सकाळी मी हॉइटकडून ती बंदूक मागून आणली आणि तिच्या दुसऱ्या घोड्याच्या ओझ्यावर बांधली. टिल्डानं गाठ सोडली.

"राहू दे ना गं. माझ्यासाठी," मी म्हणाले.

"नाही. ही बरोबर असली तर घाबरल्यावर माझा हात हिच्याकडेच जाईल. मोठीकडेच जातो सगळ्यांचा."

"मला झोप लागणार नाही."

"ती तशीही लागत नाही तुला. आई, मी माझी भीती घेऊन चाललेय. तुझी इथंच राहू दे. दोन्हींचं ओझं घोड्याला झेपायचं नाही."

तिनं माझ्या कपाळाला कपाळ टेकलं आणि टाचा वर करून खोगिरावर चढली.

बंदूक परत करायला निघाले तेव्हा वाटेत बर्निसकडे थांबले. कुठल्यातरी दुसऱ्या खोऱ्यातला एक उंच माणूस पेंड भरत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"एकटी मुलगी, ग्रिझलीच्या मुलखात, आणि हातात थर्टी-थर्टी," तो बर्निसला म्हणाला. "कशी आई असेल हो ती?"

"अशी," मी म्हणाले. "मोठी बंदूक माझ्या गाडीत आहे. मागच्या कुंपणावर मी डबा ठेवते. गोळ्या मी भरणार. या."

बर्निसनं गल्ल्याखालून खोट्या गोळ्यांची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. त्या माणसानं पेंडीचं पोतं खाली ठेवलं आणि मी गाडीतली बंदूक काढायला बाहेर गेले.