प्याद्याने केलेली मात

नंदनवन कॉलनीजवळच्या आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर, वजिराने मात केली तर कोणी मान वर करून पाहत नसे. प्याद्याने केली तर हरणारा स्वतः चहा पाजत असे. वडील कापड गिरणीत मागावर होते. पाळी सुटली की ओट्यावर बसत आणि समोर वजिराची मात दिसत असली तरी ती सोडून प्याद्याच्या मागे लागत. मी खेळ तिथे शिकले. वाचायला शिकले ती घरात येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर, म्हणून प्रश्न विचारायची खोड जुनी आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मला प्रकल्प मिळाला: संगणकाला बुद्धिबळातले हल्ले शिकवणे. पद्धत जेनेटिक अल्गोरिदमची. हल्ल्याच्या निरनिराळ्या सवयींचे पुष्कळ प्रोग्राम करायचे, ते आपसात खेळवायचे, गुण द्यायचे, कमी गुणांचे पुसून टाकायचे आणि उरलेल्यांची मिसळ करून पुढची पिढी काढायची. मार्गदर्शक सर याला 'लायकांची निवड' म्हणत. राखीव जागांवर आलेल्या आम्हा तिघांकडे बघून म्हणत.

लायक कोण हे गुण देणारा ठरवतो. म्हणून मी दोन गट केले. एकाला सरांचे गुण: कशीही मात करा, गुण सारखेच. दुसऱ्याला ओट्याचे: प्याद्याने मात केली तर सर्वात जास्त. बऱ्याच पिढ्यांनंतर दोन्ही गट सरांच्या गुणांवर एकमेकांशी खेळवले. माझा गट सपाटून हरला. हातातली मात सोडून तो प्यादं पुढे सरकवी आणि तेवढ्यात स्वतःच मात खाई.

सर हसले. "वस्तीतला खेळ शिकवून मशीनलाही मठ्ठ केलंस. अहवालात लिही, देशी पद्धतीचे हल्ले निकृष्ट ठरले. मग सही करतो."

"निकृष्ट नाहीत सर. गुण वेगळे होते."

"इथे गुण मी देतो. तुलासुद्धा."

त्या सहीशिवाय पदवी नव्हती.

घरी मी माझ्या गटाचे छापील डाव वाचत गेले आणि वडील पटावर मांडत गेले. एका चालीवर ते थांबले.

"इथं वजिराची मात होती नं?"

"होती."

"अन् यानं सोडली?" ते हसायला लागले. "हा तं आपल्यातलाच आहे वं."

"हरला तो. सर म्हणतात, निकृष्ट लिही."

"मंग लिही नं."

"काहून लिहू? शिकवलं तेच शिकला तो."

"तुले सही पाहिजे का भांडण पाहिजे?"

"दोन्ही."

"मले बी दोन्ही पाहिजे होतं. एक बी नाई भेटलं." त्यांनी सोंगट्या डब्यात टाकल्या.

मी सरांचं वाक्य लिहिलं. त्याखाली माझं एक जोडलं: 'निकाल लावणारे गुण मार्गदर्शकांनी ठरवलेले होते.' सरांनी लाल पेन काढलं आणि माझ्यासमोर ते वाक्य सावकाश खोडलं. मग वर पाहिलं, मी काही बोलते का म्हणून. तीन वर्षं वर्गात प्रत्येक गोष्टीवर बोलणारी मी, पान सहीसाठी पुढे सरकवलं. त्यांनी सही केली.

वडिलांना ते पान दाखवलं तेव्हा मी सहीवर बोट ठेवलं, आणि वरच्या ओळी तळहाताने झाकून धरल्या.