आधी सांगा, खाली काय पाहिलंत

पाण्यातून बोटीवर चढणाऱ्या माणसाला आधी श्वास घेऊ द्यावा, पाठीवरचं सिलिंडर उतरवू द्यावं, निदान नाक तरी पुसू द्यावं, असं कुणालाही वाटेल. आमच्या वन्संना वाटत नाही. शिडीवर डोकं दिसलं की त्या टॉवेल घेऊन पुढे सरसावतात, तो पाठीमागे धरतात आणि विचारतात, "आधी सांगा, खाली काय पाहिलंत?" माणूस कुडकुडत सांगतो. मनासारखं सांगितलं तरच टॉवेल मिळतो. "मासे होते बरेच," एवढ्यावर कुणी भागवलं, तर त्याने खुशाल वाऱ्यावर वाळावं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून त्या काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. दुकानाच्या दर्शनी भागात आरसे, दिवे, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो; मागे एक फिरतं चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी आणि कोपरापर्यंत पांढरी भुकटी लागलेल्या आमच्या वन्सं. लग्न त्यांनी केलं नाही. मी नवी नवरी असताना भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाल्या, बघायला आलेल्यांपैकी एकालाही धड काही सांगता येत नव्हतं. मला वाटलं, थट्टा करतायत. आता वाटतं, खरंच सांगत होत्या.

लहानपणी कान फुटून त्यांच्या डाव्या पडद्याला भोक पडलं. या मुलीचं डोकं पाण्याखाली जाता कामा नये, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं. तेव्हापासून आंघोळसुद्धा कानात कापसाचा बोळा घालून. भावंडं पाण्यात धिंगाणा घालायची आणि या काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायच्या. माझा नवरा अजून सांगतो, बुडी मारून वर आलं की ताई विचारायची, तळाला काय होतं रे? मग तो काहीतरी ठोकून द्यायचा. एकदा त्याने तळाला शिलाई मशीन असल्याचं सांगितलं, आणि ताईने ते कित्येक वर्षं खरं मानलं.

अशा बाईचा पाणबुड्यांच्या क्लबशी संबंध आला तो एका बसड्रायव्हरमुळे. हा गृहस्थ शहरात बस चालवायचा, जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रात बुड्या मारायचा. चष्म्यावर मास्क चढत नाही. त्यामुळे एवढा खटाटोप करून समुद्रात उतरलं तरी त्याला सगळं धुक्यातलंच दिसे. तो मास्क घेऊन दुकानात आला आणि यात नंबरच्या काचा बसतील का, म्हणून विचारू लागला. मालकाने मान हलवली. तेवढ्यात मागून वन्सं हात पुसत आल्या, मास्क उलटासुलटा करून पाहिला आणि ठेवून जा म्हणाल्या. त्यांनी दोन भिंगं कापली, मास्कच्या काचेला आतून चिकटवली, मध्ये एक बुडबुडा राहू दिला नाही. आणि एकच अट घातली: खाली जे दिसेल ते येऊन सांगायचं.

तो आला. ड्युटी संपवून, गणवेशातच. मागच्या खोलीत स्टुलावर बसून त्याने सांगितलं, की खाली एका खडकापाशी एक भला मोठा मासा आ वासून स्वस्थ उभा होता, आणि बोटाएवढा एक मासा त्याच्या तोंडात शिरून दात साफ करत होता. साफ करून तो सुखरूप बाहेर आला. मोठा निघून गेला, तर मागे दुसरा उभाच, आपली पाळी येण्याची वाट बघत. वन्सं घासायची काच हातात तशीच धरून, जिवाचा कान करून ऐकत होत्या. घरी येऊन त्यांनी ते आम्हाला जेवताना सांगितलं, आणि मी घास हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मोठ्याने तोंड मिटलं तर? पण तो मिटत नाही. समुद्राच्या पोटात असा भरवसा आहे, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

मग क्लबातला ज्याला म्हणून चष्मा होता तो वन्संकडे आला. त्यांना तिथे काचताई हे नाव पडलं. क्लबची बैठक महिन्यातून एकदा पोहण्याच्या तलावाच्या वरच्या खोलीत भरते. लोखंडी घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा म्हणून चादर, आणि पायऱ्या चढतानाच नाकात शिरणारा तलावाच्या औषधाचा वास. पहिली रांग सगळेच टाळतात. काचताई मधोमध बसतात.

मला त्यांनी पहिल्यांदा ओढून नेलं तेव्हा मी बिस्किटांच्या आशेने गेले होते, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पाहुणा होता एक निवृत्त वेल्डर. जन्मभर त्याने पाण्याखाली जहाजांचे तळ जोडले होते. बोलायची त्याला सवय नव्हती. खिशात हात घालून उभा होता. म्हणाला, बंदरातलं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही, सगळं काम चाचपून. एकदा असाच काम करत असताना शेजारून काहीतरी गेलं. दिसलं नाही. पण एवढं मोठं होतं की त्याच्या जाण्याने पाणी हललं आणि हा दोन हात बाजूला सरकला. तो जहाजाच्या पत्र्याला पाठ टेकून उभा राहिला, आणि ते जातच राहिलं, जातच राहिलं. हातातलं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर एकाने पाण्याची खोली विचारली, एकाने यंत्राची कंपनी. वन्संनी विचारलं, "ते गेल्यावर पाणी परत जागेवर आलं असेल. तेव्हा कसं वाटलं?" वेल्डरने खिशातून हात काढले. तो म्हणाला, कुणीतरी जाताना दार हलकेच ओढून घ्यावं, तसं वाटलं. त्या दिवसापासून मी बैठका चुकवत नाही, आणि सहलींनाही जाते. अर्थात बोटीच्या फळीवरून पाय न हलवता. मला पाण्याचं भय आहे आणि ते मी नीट जपलं आहे.

बोटीवर वन्संची जागा ठरलेली. सगळे पाण्यात उतरले की रुंद काठाची पिवळी टोपी डोक्यावर दाबून त्या कठड्यावरून वाकतात आणि खालून येणाऱ्या बुडबुड्यांकडे टक लावून बसतात. कोण कुठे आहे, कोण धांदरटासारखा श्वास घेतो आहे, हे त्या बुडबुड्यांवरून सांगतात. मी म्हणायचे, वन्सं, चहा घ्या, ती माणसं येतील आपली आपण. त्या थर्मासकडे ढुंकूनही बघत नसत.

घराला रंग द्यायचा होता म्हणून आम्ही त्यांचं कपाट रिकामं करत होतो, तेव्हा मला मऊ फडक्यात गुंडाळलेला एक मास्क सापडला. आत नंबरच्या काचा. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी तो डोळ्यांना लावला, तर सगळी खोली गरगरली. कुणाचा हा, म्हणून विचारलं.

"माझा," वन्सं म्हणाल्या. "नंबर बदलला की त्यातल्याही काचा बदलते."

मी म्हटलं, अहो पण तुम्हाला तर पाण्यात जायचं नाही.

"नाहीच. पण समजा उद्या कुणी म्हणालं जा, तर दिसायला नको का?"

इतक्या वर्षांत त्या बाईने तोंडातून एकदाही हाय काढली नव्हती. आणि इकडे कपाटात मास्क तयार ठेवून बसल्या होत्या. मला इतकं भरून आलं की रंगाऱ्याला चहा देण्याचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले.

आणि खरंच कुणीतरी जा म्हणालं. क्लबात पाहुण्या म्हणून कानाच्या एक डॉक्टरीण आल्या होत्या. पाण्याचा दाब पडद्यावर कसा येतो, नाक दाबून कान कसे मोकळे करायचे, हे सगळं सांगून झाल्यावर वन्संनी हात वर केला आणि भोक असलेल्या पडद्याचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यात या, बघते. कानामागचाच एक पातळ पापुद्रा घेऊन त्यांनी ठिगळ लावलं. ते धरलं. पुष्कळ महिने थांबून, पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी परवानगी दिली, पण बजावून: कान मोकळा झाला नाही तर तिथेच थांबायचं, त्याखाली एक वीतही जायचं नाही. पडदा पुन्हा फाटला तर त्या कानाने ऐकणं गेलंच म्हणून समजा. वन्संनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. मला मात्र पटेना. समुद्र समोर आल्यावर ही बाई कुणाचं ऐकते?

क्लबच्या सरांनी त्यांना तलावात शिकवलं. सत्तावन्न वर्षांच्या बाई निळ्या फरशीवर बसून नळीतून श्वास घ्यायच्या, आणि वर आल्या की तलावाच्या तळाला कुणाची हेअरपिन पडली आहे तेही मला सांगायच्या.

सहलीच्या दिवशी पाणी निवळशंख होतं. खाली प्रवाळांचा खडक होता, तोच, जिथे मोठे मासे दात साफ करून घ्यायला थांबतात. वन्संनी त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की त्याचा नकाशा त्यांना डोळे मिटून काढता आला असता. फक्त एकदा स्वतः बघायचा होता. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, कपाटातला मास्क चढवला, आणि एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आमचे बसवाले ड्रायव्हर, अशा त्या खाली गेल्या. डोकं पाण्याखाली गेलं आणि पाणी वर मिटलं.

ऊन लागायला लागलं म्हणून मी ती टोपी घातली आणि कठड्यावरून वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी वाकले असेन. बुडबुडे थोडे सरकले, मग एका जागी थांबले, आणि तिथेच येत राहिले. बाकीच्यांचे पुढे खडकाकडे गेले. यांचे तिथेच. मला काही म्हणजे काही कळेना.

काय झालं ते सरांनी नंतर सांगितलं. पाच मीटरपर्यंत त्या थांबत थांबत नीट गेल्या. तिथे कान अडला. नाक दाबून पाहिलं, गिळून पाहिलं, जरा वर येऊन पुन्हा पाहिलं. तीनदा. खडक अजून त्यांच्या पायाखाली खोल होता, पण हट्टाने उतरत राहिलं असतं तर गाठता आला असता. सर म्हणाले, काचताई खाली बघत राहिल्या आणि मला वाटलं, आता या सुटणार. मी त्यांचा पट्टा धरून ठेवला. पण त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं, आणि हाताने खूण केली, की नाही, खाली नाही. मग त्यांनी मान वर केली, आणि ती वरच ठेवली.

त्या शिडीवर आल्या. मास्क कपाळावर सरकवला. डोळे लाल झाले होते. बाकीचेही एकेक करून वर आले होते. टॉवेल माझ्या हातात होता. काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी तो पाठीमागे धरला.

"आधी सांगा," मी म्हटलं, "खाली काय पाहिलंत?"

"खालचं नाही दिसलं गं," वन्सं म्हणाल्या. "निळं होतं. इतकं निळं की त्याला शेवटच नव्हता. त्याच्या खाली काळसर काहीतरी. तोच खडक असणार." मग त्या बसवाल्यांकडे वळल्या. "पण तुम्ही एक गोष्ट मला कधीच सांगितली नाहीत. तिथून वर बघितलं की बोट दिसते. तिचं पोट दिसतं, उजेडात तरंगणारं. आणि कडेवरून वाकलेली ही दिसत होती. टोपीसकट."

बसवाल्यांनी मास्क काढला आणि ते चाचपत चष्मा शोधू लागले. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, अंगात भिनलेली हवा हळूहळू निघू द्यायची, असा पाणबुड्यांचा नियमच आहे. तिथे करण्यासारखं काही नसतं.

"दिसते ना," ते म्हणाले. "दर वेळी दिसते. त्या थांब्यावर आम्ही दुसरं बघतो काय, काचताई? खाली कितीही भटकलो तरी वर पिवळी टोपी दिसली की जीव भांड्यात पडतो."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारायचात, खाली काय पाहिलंत. वर काय पाहिलंत, असं कधी विचारलंच नाहीत."

वन्सं फळीवर बसल्या. चहा दिला तर घेतला, कप दोन्ही हातांत धरून. त्या रडल्या, आणि मग त्यांना हसू आलं, आणि मग पुन्हा रडल्या, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघत राहिलो. जन्मभर काठावर बसलेल्या या बाईला खालची माणसं दर वेळी मान वर करून बघत होती, हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि वन्संनाही नव्हतं. मी टोपी काढून त्यांच्या ओल्या केसांवर ठेवली.

कानासाठी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाण्यात जाऊ नका म्हणून सांगितलं. वन्संनी वाद घातला नाही. मास्क फडक्यात गुंडाळून कपाटात आहे, आणि परवा नंबर बदलला तेव्हा त्यांनी त्यातल्याही काचा बदलल्या. सहलीला आम्ही जातोच. माणसं वर आली की टॉवेल पाठीमागे जातो, आणि प्रश्न तोच असतो. फक्त आता बुडबुडे वर येऊन एका जागी थांबले, की वन्सं कठड्यावरून जरा जास्तच वाकतात आणि पाण्याकडे बघून हात हलवतात.