देवापुढची कणसं

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलं की घाई करण्यात अर्थ नसतो. गाडीही करत नाही. एके ठिकाणी रुळांवर म्हशी आल्या, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला, त्यांची समजूत घातली आणि मगच आम्ही निघालो. कारंज्याला उतरले तेव्हा माझं पांढरं लुगडं कोळशानं करडं झालं होतं.

नागपूरला मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझे वडील आसेगावजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री आहेत. त्यांच्याकडे मी कापणीच्या सणाला चालले होते. पण खरं सांगायचं तर सण हे निमित्त होतं. मला त्यांच्या हातून भाकर हवी होती. उपासनेत प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा वाटतात. तो त्यांनी मला बंद केला होता. जीवजाती युगानुयुगं एकातून एक बदलत आल्या, माणूसही त्याच वाटेनं आला, असं मी मंडळीतल्या मुलांना सांगितलं, एवढंच कारण. "असं मानणारीनं माह्या हातून भाकर घेऊ नये," बाबा म्हणाले. त्यानंतर मी गेलेच नव्हते. यंदा मात्र त्यांची फार आठवण येऊ लागली.

कारंज्याच्या बाजारात आमच्या गावचे नामदेव माळी भेटले. वांगी-मेथी विकून त्यांची बंडी (बैलगाडी) रिकामी परतत होती. "बसा बाई, पाटीलकी करत चला," म्हणाले. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनच तुरीच्या ओळी, आणि काळ्या जमिनीवरचं ते वऱ्हाडचं ऊन, जे नागपुरात कधी अंगाला लागत नाही. इंझोरीच्या अलीकडे लिंबाखाली आम्ही बंडी सोडली. त्यांनी फडक्यातली भाकर आणि ठेचा पुढं केला. पहिल्याच घासाला मला ठसका लागला.

"नागपूरचं पानी लागलं तुमाले," माळीबुवा खूश होऊन म्हणाले.

पुढं ओढ्याच्या उतारात चाक रुतलं आणि मास्तरीणबाईंना लुगडं खोचून बंडी ढकलावी लागली. ते बघायला माझ्या विद्यार्थिनी नव्हत्या, हे बरं झालं.

गाव जवळ आलं तसं माळीबुवांचं शेत लागलं. ज्वारी कापून पडली होती. कणसं मुठीत मावणार नाहीत अशी. शेजारच्याच आमच्या मंडळीच्या लोकांच्या शेतात मात्र उंदराच्या शेपटीसारखी कणसं. जमीन एक, पाऊस एक. मी विचारलं, हे कसं?

"तुमच्याच देवाची किरपा," ते म्हणाले. "तुमचे लोक सणाले सगळ्यात भारी कणसं देवापुढं ठेवते, मंग त्याचा लिलाव करते. ते मीच घेतो दरसाल. खात नाई, पेरतो."

मी हसले, आणि मग हसू विरलं. आमची माणसं दरवर्षी उत्तमातलं उत्तम देवाला देत होती आणि उरलंसुरलं बी म्हणून पेरत होती. भक्तीनंच त्यांची ज्वारी खुरटत चालली होती.

बाबा दारातच उभे होते. केस पार पांढरे झालेले. "आली व माय?" म्हणाले आणि माझी ट्रंक उचलायला वाकले, मी उचलू दिली नाही. आंबाडीची भाजी त्यांनी स्वतः केली होती. जेवताना मी ज्वारीचं सगळं सांगितलं. निवडाल तसं उगवतं, म्हटलं. शेतात माणूस निवडतो, रानात ऊन, पाणी, दुष्काळ निवडतो.

बाबांनी घास खाली ठेवला. "दुष्काळ निवडते?"

"हो, बाबा."

"मोठ्या दुष्काळात माही माय गेली, दोन भाऊ गेले. मी राह्यलो. मी काय भारी कणूस होतो?"

माझ्या पुस्तकात याचं उत्तर आहे. बापासमोर ते म्हणवत नाही.

"आमच्या सावलीचा इटाळ व्हायचा लोकाइले," ते म्हणाले. "जनावरापरीस हलकं धरत. मंग बायबलात वाचलं का देवानं मानसाले आपल्या हातानं घडवलं. त्या एका वाक्यावर मी उभा राह्यलो, माय. आन तू म्हनतं, मी जनावरातून आलो."

"बाबा, हात देवाचाच. घडवायला वेळ लागला, इतकंच मी म्हणते."

माझ्या ताटात त्यांनी आणखी भाजी वाढली.

रविवारी मातीचं ते छोटं प्रार्थनाघर झेंडूनं सजलं. मेजावर कणसांची जुडी, भोपळे, कापसाची बोंडं. बाबा ताट घेऊन रांगेतून येऊ लागले. नव्या ज्वारीची भाकर. तिचा वास माझ्यापर्यंत आला. ते माझ्यापुढं थांबले. त्यांच्या धोतराचा काठ आणि भेगाळलेल्या टाचा मला दिसत होत्या. मी हात पुढं केला. ते तसेच उभे राहिले, इतका वेळ की शेजारणीनं वळून पाहिलं. मग टाचा पुढं गेल्या. त्यानंतर उपासना संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

अंगणात लिलावाला माणसं जमली तेव्हा बाबांनी जुडी उचलली. "औंदा कणसं विकायची नाईत," म्हणाले. "देवानं आशीर्वाद देऊन वापस केली. ज्यानं त्यानं आपल्या शेतात पेरा."

"मंग मी काय पेरू?" माळीबुवा कळवळून ओरडले. सगळे हसले. बाबांनी त्यांनाही एक कणीस दिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. माझं म्हणणं त्यांनी शेतात घेतलं होतं, देवाच्या मेजावर नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. बंडीत मैनामावशी होत्या, इंझोरीला लेकीकडे चाललेल्या. मंडळीची भाकर भाजायचं आणि तुकडे करायचं काम त्यांच्याकडे असतं. वेस ओलांडल्यावर त्या माझ्या जवळ सरकल्या.

"तुह्यावर बाप रागावला म्हून रडून राह्यली काय?"

मी मान डोलावली.

"तू गेली तवापासून तो मले दर खेपेले सांगते, 'मैना, माह्या लेकीचाबी तुकडा कर.' मी करतो. आन दर खेपेले ताटात दोन तुकडे वापस येते."

"दोन?"

"एक तुहा. एक त्याचा. आमाले वाढते आन सोता कोरडा राह्यते. इचारलं तं म्हने, 'लेक उपाशी असताना बाप जेवते काय?'"

मी मागं वळून पाहिलं. गाव केव्हाच चढामागं गेलं होतं. परत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण पडून काय सांगणार होते? मी खोटं बोलून तो तुकडा घेतला असता, तर तो त्यांनाही गोड लागला नसता. आणि त्यांना ते एक वाक्य सोडा म्हणायची माझी छाती नव्हती.

नागपूरच्या मंडळीत मला कुणी अडवत नाही. इथल्या पाळकांनी माझ्याहून जास्त जीवशास्त्र वाचलंय. पुढच्या प्रभुभोजनाला ताट माझ्यापुढं आलं. मी ते शेजारणीकडे सरकवलं. त्याच वेळी तिकडे बाबाही कुणाला तरी वाढत असतील, असं मनात आलं. आता आम्ही बापलेक एकाच पंगतीत उपाशी बसलो आहोत.