गार जेवणाचा दिवस

त्या सकाळी शेठने कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल कंदिलांचं चित्र टाकलं. वर मोठ्या अक्षरांत ‘हॅपी छिंगमिंग’, खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. पाठोपाठ काजूकतलीचा एक किलोचा डबा माझ्या केबिनमध्ये आला, चिनी इंजिनिअरला द्यायला. शेठला सण कुठलाही चालतो. समोरच्याकडून काम करून घ्यायचं असलं की हा माणूस नाताळला लाल टोपी घालूनही फिरेल. मी डबा ठेवून घेतला आणि मनातल्या मनात शेठला ज्या पदव्या द्यायच्या त्या दिल्या.

सुरतेजवळ भेस्तानच्या या कापडाच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं सुपरवायझर आहे. मूळचा खानदेशातला, तापीकाठच्या गावचा. माझे निम्मे कारागीर तिकडचेच. त्या फेब्रुवारीत शेठने जुने लूम भंगारात काढले आणि चीनहून पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे आणले. ते बसवायला त्यांच्याबरोबर एक इंजिनिअर आला. पस्तिशीचा, बारकासा, कायम गळ्यात टॉवेल. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्याची. तो मोबाईलमध्ये बोलायचा आणि मोबाईलमधली एक बाई ते हिंदीत सांगायची. मला ती बाईसुद्धा आवडत नव्हती. धागा तुटला तरी आणि चहा हवा असला तरी तिचा आवाज एकच.

त्याने एक दिवसाची रजा मागितली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. गावी जाणार नाही, देवळात जाणार नाही, मग रजा कशाला? शेठ म्हणाला, “एमनो मोटो तहेवार छे, आपी दो ने रजा.” गेल्या दिवाळीनंतर माझे वडील वारले आणि मी तेराव्यापर्यंतची रजा मागितली, तेव्हा याच शेठने कॅलेंडर पुढे केलं होतं. पण मी काही चिनी नव्हतो.

त्या दिवशी दुपारी सहा नंबरचा लूम बंद पडला आणि रजेवरच्या माणसाला बोलवावंच लागलं. कुरकुर न करता तो आला, तासाभरात लूम चालू केला आणि माझ्या केबिनमध्ये जेवायला बसला. मी काजूकतली पुढे केली, शेठचा मेसेजही दाखवला. त्याने ‘हॅपी’ हा शब्द बराच वेळ पाहिला. मग मोबाईलमधली बाई बोलली, “यह खुशी का दिन नहीं है. यह कब्र साफ करने का दिन है.”

म्हणजे शेठने पितृपक्षाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, वर मिठाई. मला इतका आनंद झाला की मी त्याला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. पुढे शेठची फजिती चारचौघांत सांगायची तर माहिती पक्की हवी.

तर ते असं आहे. सूर्याच्या चालीवरून हे लोक वर्षाचे चोवीस भाग करतात, पंधरा-पंधरा दिवसांचे. छिंगमिंग हा त्यातला पाचवा, वसंतातला, एप्रिलच्या चार-पाच तारखेला येणारा. नावाचा अर्थ स्वच्छ आणि उजळ. मुळात हे शेतकऱ्याचं पंचांग: हवा उघडली, आता पेरणीला लागा. त्यात पुढे पितर येऊन मिसळले. त्या दिवशी सगळं खानदान पूर्वजांच्या कबरीवर जातं, गवत उपटतं, माती सारखी करतं, खायचं ठेवतं, कागदाच्या नोटा जाळतं. दाराला विलो नावाच्या झाडाची डहाळी लावतात. पतंगही उडवतात, आणि पतंग वर गेला की स्वतःच दोर कापून सोडून देतात, म्हणजे वर्षाची पीडा गेली.

मी मनात म्हटलं, उत्तरायणाला सुरतेत येऊन बघ म्हणावं. इथे दुसऱ्याचा कापतात. स्वतःचा पतंग स्वतः कापणाऱ्याला आमच्या गच्चीवर कोणी उभं करणार नाही. आणि कागदाच्या नोटा! मेलेल्या माणसाला खोट्या नोटा देऊन फसवायचं, त्यापेक्षा आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, किती बरी. नवी घागर भरायची, तिच्यावर लोटी, वर खरबूज, सांजोरी, आंबा. निखाऱ्यावर तुपाची धार सोडून पितरांच्या नावाने घास टाकायचा, त्याला आम्ही आगारी म्हणतो. पोटाला लागेल असं काही तरी. पुढच्याच महिन्यात मला आबांची, म्हणजे वडिलांची, पहिली घागर भरायची होती. ती कशी झोकात भरायची याची यादी माझ्या खिशात तयार होती.

तो जेवायला बसला होता, पण जेवण असं काही नव्हतंच. पाव, उकडलेला बटाटा, आणि कागदात लपवून आणलेलं उकडलेलं अंडं. शेठच्या आवारात अंड्याला बंदी आहे. सगळं कालचं, गार. केबिनमध्ये शेगडी होती, मी गरम करून देतो म्हटलं. त्याने हात आडवा केला. त्याच्या गावाकडे या दिवसांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार खातात. चीनमध्ये बाकी ठिकाणी आता कोणी पाळत नाही, पण त्याची आई पाळते. म्हणजे आमच्या गुजराती शेजारणीची शीतळा सातम, देवी कोपू नये म्हणून गार खायचा दिवस. मी विचारलं, तुमच्याकडेही देवी कोपते का? तो म्हणाला, देवी नाही, राजा.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. एक राजपुत्र होता. परागंदा होऊन रानोमाळ हिंडत होता, खायला काही नव्हतं. एका चाकराने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला रांधून घातलं. पुढे राजपुत्र गादीवर बसला, सगळ्यांना इनामं वाटली आणि नेमका त्या चाकराला विसरला. चाकराने काही मागितलं नाही. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन डोंगरात राहायला गेला. राजाला उशिरा आठवण झाली. बोलावणी गेली, चाकर येईना. तेव्हा कोणी तरी सुचवलं, डोंगराला तीन बाजूंनी आग लावा, चौथ्या बाजूने आपोआप बाहेर येईल. आग लावली. तीन दिवसांनी विझली तेव्हा माय-लेक एका विलोच्या झाडाला धरून जळालेले सापडले. राजा ढसाढसा रडला आणि त्याने हुकूम काढला: या दिवशी राज्यात कोणी विस्तव पेटवायचा नाही.

मी मोठ्यांदा हसलो. म्हटलं, काय पण राजा! आधी माणूस जाळायचा आणि मग गावाला गार खायला लावायचं. एकाला बाहेर काढायला डोंगर पेटवतो, असल्या गाढवाच्या नावाने तुम्ही सण करता?

त्याने अंड्याचं टरफल कागदात गोळा केलं. मोबाईलमध्ये हळू काही तरी बोलला. बाई तिच्या त्याच आवाजात म्हणाली, “राजा बुरा आदमी नहीं था. उसको जल्दी थी.”

मी हसायचा थांबलो. त्याला काही कळलं नसणार. तो टॉवेलला हात पुसत बाहेर गेला.

मलाही घाई होती. आबा गावी एकटेच राहायचे. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. दर दुसऱ्या रविवारी मी भुसावळच्या गाडीने जायचो, सोमवारी तोंड सुजवून कामावर यायचो. भाऊबंद म्हणायचे, पोरगा सुरतेत मजेत आणि बाप इथे भाकरी थापतो. आबांना किती वेळा म्हटलं, चला. ते म्हणायचे, “तुनी माय आखाजीले आठेच येस. सुरतमा तिले घर सापडाव नही.” मेलेली आई पितर होऊन गावच्याच घरी येते, असा त्यांचा हिशेब. मला मेलेल्या आईची नाही, जिवंत भाऊबंदांची चिंता होती.

त्यांचा गॅस माझ्या मोबाईलवरून बुक व्हायचा. गेल्या वर्षीची आखाजी झाल्यावर मी बुकिंग केलंच नाही. त्यांनी फोन केला, “टाकी उनी नही अजून.” मी सांगितलं, वरूनच पुरवठा बंद आहे, आबा, इकडेच या. त्याच आठवड्यात शेजारच्यांची टाकी आली होती. ते मला माहीत होतं, आणि आबांच्या तर डोळ्यांसमोरच उतरली असणार. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला. मी पुन्हा तेच सांगितलं. यावेळी त्यांनी बरं म्हटलं आणि पुढे टाकीचं नाव काढलं नाही. शेजारीण सकाळी दोन भाकरी द्यायची, त्याच कांद्याबरोबर रात्रीपर्यंत पुरवायचे. ज्या माणसाला दिवसातून पाच वेळा चहा लागायचा, तो महिनाभर चहाशिवाय राहिला. कोणाच्या दारात कप मागायला गेला नाही. मग एक दिवस पिशवी आणि आईचा फोटो घेऊन आपणहून सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरले.

हे मी लपवलंही नव्हतं. शेडमध्ये हातवारे करून सांगितलं होतं, म्हातारा कसा आणला बघा, एक काठी न उगारता. सगळे हसले होते. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

आबा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाच महिने राहिले. भांडले नाहीत, रुसले नाहीत. फक्त ताट वाढलं की हात मांडीवर ठेवून बसायचे. वरणावर साय धरायची, भाकरी कडक व्हायची, मग जेवायचे. चहाचंही तेच. बायको म्हणायची, आबा, गरम गरम खा. ते म्हणायचे, “माले आते गारच चालस.” आवाजात राग नसायचा. मी याला म्हातारपणाचे चाळे म्हणायचो, तेही त्यांना ऐकू जाईल असं. दिवाळीनंतर ते झोपेत गेले. स्मशानात लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, शेवटी बापाला जवळ आणलंस, पुण्य केलंस. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आज जितकी किळस येते तितकी शेठच्या हात जोडलेल्या फोटोचीही येत नाही.

आखाजी कामाच्या दिवशी आली. शेठने रजेला नाही म्हटलं, फक्त सकाळी उशिरा यायची सवलत दिली. गावी न जायला मला ते निमित्त पुरलं. खरं कारण वेगळं होतं. त्या घरात ओट्याखाली ती रिकामी टाकी अजून तशीच आहे आणि तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

म्हणून घागर सुरतेतच भरली. तबेल्यातून गोवऱ्या आणल्या, गॅलरीत पेटवल्या. खालच्या मजल्यावरून धुराबद्दल दोनदा ओरडा झाला. बायकोने पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं आबांच्या आवडीचं केलं होतं. वाफाळतं ताट तिने माझ्या हातात दिलं. निखारे लालभडक होते. तूप सोडायचं, नाव घ्यायचं, घास टाकायचा, एवढंच काम.

मी घास मोडला आणि बोटांना चटका बसला. मी तो तसाच हातात धरून बसलो.

“टाका ना आते,” बायको विझत चाललेल्या निखाऱ्यांकडे बोट करून म्हणाली, “इस्तो इझी ऱ्हायना.”

मी म्हटलं, थांब जरा, गार होऊ दे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती शेजारी बसली. पोळीची वाफ गेली. तूप पोळीत मुरलं. मी निखाऱ्यांवर नाही, घासावर फुंकर घालत होतो. तो पुरता गार झाला तेव्हा मी आबांचं नाव घेतलं, त्यांच्यामागून आईचं, आणि घास टाकला. तूप निखाऱ्यावर पडलं की चर्र असा आवाज येतो, त्यावरून घरातल्यांना कळतं की पितर जेवले. मी कान देऊन बसलो. समोर नुसती राख होती.